सात, सम, एक

आष्ट्याच्या चौगुले मास्तरांच्या घरून आलेली तक्रार अझीमनं मला वाचून दाखवली. "पट्टा चालू आहे. आवाज येतो. पण पेशंट पत्नीला अगं म्हणत नाहीत."

"ही तक्रार आहे?" मी विचारलं.

"त्यांच्या मिसेसनी फोनवर दोनदा हेच सांगितलं. मी लिहून घेतलं." अझीम मुजावर आमच्या मिरज केंद्राचा प्रमुख. चाळिशीचा, कामाचा माणूस. "काका, जाऊन याच. गुरुवारी मास्तरांचा तिसरा जबाब आहे. त्याआधी पट्ट्याबद्दल शंका राहायला नको."

मी गेलो. तेव्हा जायचंही काही वाटत नव्हतं आणि न जायचंही. माझी बायको वैजयंता मार्चमध्ये गेली होती आणि हा ऑगस्ट होता. घरी बसण्यापेक्षा बस बरी, एवढंच.

पट्ट्याबद्दल आधी सांगतो. स्नायूंचा ताबा जाणाऱ्या आजारात माणसाची वाचा जाते, पण मेंदू घशाकडे हुकूम पाठवत राहतो. गळ्याभोवतीचा पट्टा ते हुकूम पकडतो आणि अक्षर ओळखतो. माणूस मनात 'पाणी' म्हणाला की प, काना, ण, दीर्घ वेलांटी अशी एकेक खूण बाहेर पडते. ती जुन्या पद्धतीच्या सिरियल तारेतून एका डब्यात जाते. डब्याच्या एका बाजूला अशा तारांचे चार पोर्ट आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्क. डबा अक्षरं केंद्राकडे पाठवतो. तिथला पूरक नावाचा प्रोग्राम निसटलेली अक्षरं अंदाजानं भरून वाक्य पुरं करतो, आणि ते त्या माणसाच्याच जुन्या आवाजात खोलीत ऐकू येतं. वैजयंताचा आवाज आम्ही भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओतून दिला होता.

माझं काम डब्याचं. प्रत्येक पोर्टला प्रोफाइल द्यावं लागतं. वेग किती, एका अक्षराला बिट किती, तपासणीचा बिट आहे की नाही, अक्षर चुकीचं वाटलं तर काय करायचं. पाच-सहा ओळी भरायच्या आणि सेव्ह करायचं.

पट्टे आल्यावर दोन वर्षांत स्वशब्दाचा कायदा आला. श्वासाच्या नळीवर असलेल्या माणसानं तीन वेगळ्या दिवशी, डॉक्टर आणि नातेवाइकासमोर, पट्ट्यातून स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर नळी काढता येते. या सांगण्याला जबाब म्हणतात. तिसऱ्या जबाबानंतर पाच दिवस थांबायचं.

वैजयंतानं तीन जबाब दिले होते. तिसऱ्यावर सही मी केली.

आष्ट्यात चौगुल्यांच्या घरी आक्काताईंनी दार उघडलं. मास्तरांच्या पत्नी, साठीच्या पुढच्या, कमरेला पदर खोचलेल्या.

"बसा भाऊ. आधी ऐकून घ्या. बावीस जूनला तुमच्या माणसानं डबा बदलला. तवापासनं हे मला अगं म्हणत न्हाईत. बेचाळीस वर्षं म्हणत आले. नाव कधी घेतलं न्हाई. आता नुसतं पाणी दे, पंखा लाव. जसं काय मी कामाला हाय हितं."

"बोलायला कष्ट पडतात त्यांना," मी म्हणालो. "माणूस शब्द वाचवतो." वैजयंताबद्दल मी स्वतःला हेच सांगितलं होतं.

"अगं वाचवून असं किती वाचतंय?"

मी उठून आत गेलो. मास्तर आतल्या खोलीत कॉटवर होते. डोळे अर्धे उघडे, छाती यंत्राच्या तालावर वरखाली. खिडकीत डबा, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आणि दुसरं म्हंजे लाईट बिल," आक्काताई म्हणाल्या. "रोज सकाळी. लाईट बिल, लाईट बिल. भरलंय की ओ, म्हटलं. पावती डोळ्याम्होरं धरली. तरी आपलं लाईट बिल."

लॅपटॉप जोडून मी पोर्टची पाटी उघडली. आलेली अक्षरं ७७ हजार. गाळलेली ३८ हजार. गाळलेली शंभरात एखादं असतं. इथं निम्मी होती. मी प्रोफाइल उघडलं.

सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट. चुकीचं अक्षर गाळा. प्रोफाइलचं नाव तारळेकर-१.

तारळेकर म्हणजे मी.

एकतीस वर्षं मी वीज मंडळाच्या मीटर टेस्टिंगला होतो. जुने मीटर तारेवरून वाचायचे तर सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप. नवीन पोरांकडून आम्ही ते पाढ्यासारखं म्हणून घ्यायचो. सात, सम, एक. मीटर नुसते आकडे सांगतो, त्याला सात बिट पुरतात. आठवा बिट तपासणीचा, म्हणजे पॅरिटीचा; स्टॉप बिट ही नुसती अक्षर संपल्याची खूण. बिट म्हणजे शून्य किंवा एक; आधीच्या सातांत एक किती ते मोजायचे आणि आठवा असा ठेवायचा की एक सगळे मिळून सम संख्या व्हावी. विषम आली तर वाटेत काहीतरी बिघडलं, ते अक्षर टाकून द्यायचं.

पट्ट्याला मात्र आठही बिट अक्षरासाठीच लागतात. तपासणी नसते. लांबी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे तारेवर बिघाड दिसत नाही. डबा पट्ट्याच्या आठव्या बिटाला तपासणीचा बिट समजतो. ज्या अक्षरातले एक सम भरतात ते पुढे जातं, विषम भरतात ते गळतं. मराठी अक्षरांचा आठवा बिट सगळ्यांचा सारखाच असतो, म्हणून पोचलेलं अक्षर ओळखू येतं. आणि गळतात ती प्रत्येक वेळी तीच अक्षरं. न पोचतो, क कधीच नाही. ल पोचतो, काना कधीच नाही.

मी खिशातल्या कागदावर अ मांडला. विषम. ग, विषम. अनुस्वार, विषम. अगं पूर्णच गळत होतं, पूरकला अंदाज बांधायलाही काही उरत नव्हतं.

बसवल्यावर हे कळायला हवं होतं. पण चाचणीचं वाक्य सगळीकडे एकच असतं आणि पूरकला ते पाठ होतं. निम्मी अक्षरं मिळाली तरी तो ते पुरं म्हणायचा.

मी प्रोफाइल बदललं. आठ, काही नाही, एक. पोर्ट परत चालू व्हायला बारा सेकंद लागली.

"अगं," मास्तरांचा आवाज आला.

आक्काताई दारातच थांबल्या.

"अगं, यांना चहा दे. मगापासून सांगतोय."

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "ओरडायचं काम न्हाई." आणि आत गेल्या. बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही.

"मी रोज म्हणत होतो, पट्टा बिघडलाय," मास्तर म्हणाले. "तर हा पट्टा म्हणे लाईट बिल."

पट्टा बिघडलाय यातली कुठली अक्षरं पोचतात ते मी मांडून पाहिलं. त्यातून 'बिल' तेवढं नीट पोचत होतं.

"मास्तर, एक विचारायला पाहिजे," मी म्हणालो. "दोन जबाबांत तुमचं वाक्य नोंदलंय, मला जायचंय. यंत्राकडे त्यातली तीनच अक्षरं पोचली होती. म, ल, च. तुम्ही जगायचंय म्हणाला असता तरी हीच तीन पोचली असती. तुम्ही काय म्हणाला होता?"

मास्तर थांबले. पट्ट्यातून बोलणाऱ्याचा चेहरा हलत नाही, त्यामुळे विचार चाललाय की दम घेतायत हे कळत नाही.

"जायचंय. ज ला काना, य, च वर अनुस्वार, य. मध्ये ग नाही." मग म्हणाले, "उत्तर बरोबर, रीत चूक. अर्धे मार्क."

"जबाब रद्द होतील. पहिल्यापासून घ्यावे लागतील."

"घ्या. आम्हाला कुठं जायचंय."

आक्काताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात दिला आणि मास्तरांच्या पायावरची चादर सारखी केली.

परतताना बसमध्ये मला थोडं बरं वाटलं. पूरकचा अंदाज मास्तरांच्या बाबतीत बरोबर निघाला होता, म्हणजे आमच्याही बाबतीत निघू शकत होता. वैजयंताचा पोर्ट म्हणजे या नवीन डब्यांचा जिल्ह्यातला पहिला. तो मीच बसवला, सात-सम-एकवर. हात सवयीनं चालले. तो चालला म्हणून तारळेकर-१ या नावानं सेव्ह केला, आणि जूनमध्ये सगळीकडचे डबे बदलले तेव्हा अझीमनं तोच उतरवून घेतला.

आमचा डबा कपाटावर होता. परत करायचा राहिला होता. डब्यात सहा महिन्यांची अक्षरं राहतात. दुपारी जेवण न करता मी तो टेबलावर घेतला आणि जबाबांच्या तारखा काढल्या.

तीन दिवसांत तिनं ते वाक्य अकरा वेळा म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बाई ठाम आहेत. अकराही वेळा खोलीत एकच वाक्य ऐकू आलं. हो, नळी काढून टाका.

डब्यात अकराही वेळा एकच ओळ होती. हनळढून.

मी कागद घेतला. आधी ऐकलेलं वाक्य मांडलं. हो मधला ह पोचतो, ओकार गळतो. नळी मधले न आणि ळ पोचतात. काढून मधलं ढून पोचतं. टाका मधला काना आणि का गळतात, पण ट पोचतो. ट चे एक सहा भरतात. मी चार वेळा मोजले.

ती टाका म्हणाली असती तर शेवटी ट आला असता. अकरांत एकदाही आला नव्हता.

मग दुसरं वाक्य मांडलं. ते मला कुठूनही शोधावं लागलं नाही. नळी काढू नका. न, ळ, ढू, न. का गळतं. शब्दांमधली मोकळी जागाही गळते, म्हणून ढू आणि न जोडले जातात. हनळढून बरोबर जमलं.

राहिला पुढचा ह. अहो लिहिलं. अ गळतो, ह पोचतो, ओकार गळतो.

घरात मला ती अहोच म्हणायची. लग्नापासून दुसरं काही नाही. पट्टा लागल्यावर ती हो फार म्हणायला लागली होती. भात भरवू का, हो. खिडकी लावू का, हो. काही न विचारताही हो. मी केतकीला म्हणालो होतो, तुझी आई जन्मात एवढं हो म्हणाली नव्हती, आजारानं शहाणी झाली. केतकी, आमची मुलगी, हसली होती.

जबाबाच्या वेळी मी तिच्याजवळ नव्हतो. डब्याजवळ उभा होतो, दिवा हिरवा आहे ना ते बघत.

मी डबा बंद केला. रडू वगैरे आलं नाही. भूक लागली होती, सकाळची भाकरी होती ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अझीमसमोर कागद ठेवला. त्यानं स्वतः अक्षरं मोजून पाहिली. त्याला वेळ लागला.

"दमून काढूनपाशी थांबल्या असतील, काका. टाका म्हणायला ताकद राहिली नसेल."

"अकरा वेळा?"

मग त्यानं दार लोटलं. "तारळेकर-१ त्रेसष्ट घरांत आहे. मी आज रात्रीच्या आत सगळीकडे बदलतो. रिपोर्टही करतो. त्यात माझीही चूक येईल, मी न तपासता उतरवलं, ते येऊ दे." त्यानं यादी माझ्याकडे फिरवली. "यातले एकोणीस गेलेत. चौदा स्वशब्दावर. त्या चौदा घरांना पत्र जाणार. काकींचं नाव पहिलं आहे. मी बासष्ट लिहितो. तुमचा डबा तर तुमच्या घरीच आहे. कोण विचारणारे?"

"कोणी नाही."

"मग? केतकीला कशाला? पोरगी आत्ता कुठं कामावर जायला लागलीय."

त्यानं हे मनापासून म्हटलं होतं. मी विचार केला. खूप नाही केला. चौगुल्यांच्या घरी मी मास्तरांना तोंडावर विचारून आलो होतो, तुम्ही काय म्हणाला होता. बाकीच्या तेरा घरी जाऊन तुमच्या माणसाचं वाक्य चुकलं असेल म्हणून सांगायचं आणि स्वतःचं लपवायचं, हे मला जमलं नसतं. त्या घरांत कोणी विचारलं असतं, तुमच्याकडे कसं झालं, तर मी काय सांगणार होतो?

"त्रेसष्टच लिही," मी म्हणालो. "पत्र दोन दिवस थांबव. आधी मी जातो सगळीकडे."

केतकी सांगलीला विश्रामबागेत राहते. तिचं औषधाचं दुकान आहे. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी गेलो. ती जेवून ताट धूत होती.

"फोन नाही केलात," ती म्हणाली. "जेवला?"

"जेवलो. बस जरा."

मी कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं. मीटरचं, सात बिटांचं, कुठली अक्षरं गळतात ते. औषधांच्या बारीक अक्षरांची तिला सवय आहे, तिला लवकर कळलं. नळी काढून टाका आणि नळी काढू नका मी एकाखाली एक लिहिली होती. गळणाऱ्या अक्षरांवर तिनं स्वतः पेन्सिलीनं काट मारली. टाका मधल्या ट वर पेन्सिल थांबली.

"हा आला नव्हता?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

ती खुर्चीत मागे टेकली. "तुम्ही हे मला का सांगताय?"

"पत्र येणारे."

"पत्रातून मला काही कळलं नसतं. प्रोफाइल, पॅरिटी. मी वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं असतं. तुम्ही मुद्दाम आलात."

"हो."

"प्रोफाइल तुम्ही भरलं होतं."

"मीच."

"आणि सही करा म्हणून मागे मी लागले होते." ती हे भांडणाच्या आवाजात म्हणाली नाही. वस्तू कुठं ठेवल्यात ते सांगावं तसं म्हणाली. "तुम्ही म्हणत होतात महिनाभर थांबू. मी म्हटलं, बाबा, ती स्वतः सांगतेय, तुम्ही तुमच्यासाठी तिला अडकवून ठेवू नका."

"ऐकू तेच येत होतं, केतकी."

"डब्यात वेळ असते का? प्रत्येक वाक्याची?"

"असते."

"शेवटचं कधी आहे?"

"तिसऱ्या दिवशी. अकरा चाळीस. त्यानंतर काही नाही. पाचही दिवस पोर्ट रिकामा आहे. मला वाटलं ताकद संपली."

केतकी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवून बोटानं मागेपुढे लोटत राहिली.

"ताकद नव्हती संपली," ती म्हणाली. "ती परत परत तेच म्हणत होती. डॉक्टर तुम्हाला सही कुठं करायची ते दाखवत होते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आई, पुरे. कळलं आम्हाला. आता बोलू नकोस, दमशील."

रस्त्यावर कोणीतरी शटर वाजवत होतं. औषध हवं असणार. ती उठली नाही आणि ते थोड्या वेळानं गेलं.

"बाकीच्यांना कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"मीच. आत्ता तासगावला चाललोय."

"चौदा घरं."

"तेरा राहिली."

तिनं कागद घडी करून माझ्याकडे दिला. मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली.

"मी येणार नाही तुमच्याबरोबर."

"बरं."

"आणि बाबा, त्यांचा माणूस किती वेळा म्हणाला ते सांगू नका त्यांना. वाक्य सांगा. आकडा नको."

"विचारलं तर?"

ती दाराला धरून उभी होती. जिन्यावर खालच्या मजल्यावरची बाई कपडे घेऊन वर गेली, आमच्याकडे बघून हसली. केतकीही हसली, सवयीनं.

"विचारतीलच," ती म्हणाली.

मी थांबलो.

"मग सांगा."